गढूळ ठिपके

ऐरोलीच्या मलप्रक्रिया केंद्रातून
दर मंगळवारी मी दोन बाटल्या पाणी नेते.
मढवीकाका झाकण उघडून देतात, नाक न धरता.
"काय गावतं तुला या घानीन?"
मी म्हणते, जंतूंना होणारा रोग.
ते मान हलवतात,
जसं हे त्यांना आधीच कुणी सांगून ठेवलंय.

रबाळ्याला, तिसऱ्या मजल्यावर,
मी ते पाणी गाळते, इतकं बारीक
की जंतू वर अडकतात आणि हेच तेवढे खाली उतरतात:
मेलेले म्हणवत नाहीत, जिवंत म्हणावं
तर ना पोट ना श्वास,
एक डोकं, एक शेपूट,
आणि डोक्यात घड्या घालून कोंबलेला मजकूर.

दुसऱ्या दिवशी बशीतल्या जंतूंच्या सायीवर
भोकं पडलेली असतात.
काही लख्ख, आरपार.
टिळेकर मॅडमना तीच हवीत,
कुठल्याशा वॉर्डात, कुणाच्या तरी न भरणाऱ्या जखमेसाठी.
काही गढूळ,
मधोमध जंतूंचा पुंजका तग धरून.
"ती टाकून दे गं. झोपणारी जात आहे ती."

झोपणारी जात
शिरते, पण घर जाळत नाही.
आत गेल्यावर पहिल्या काही मिनिटांत
चढाओढ लागते, कुठलं पान आधी वाचायचं.
जंतू उपाशी असेल,
किंवा एकाच घरात पाचसहा जण घुसले असतील,
तर एक प्रथिन येऊन मजकुरावर बसतं,
पानावर हाताचा पंजा ठेवावा तसं.
पुढचं वाचायचं नाही.
मग जंतूच्याच धाग्यात आपला धागा शिवून घेतात.
जंतू एकाचे दोन होतो, दोनाचे चार,
पाहुण्याची नक्कल
स्वतःचीच समजून काढत राहतो.
पंजा थकला की नवा पंजा.
तो घडवण्यापुरतं एकच पान उघडं.

मी ती टाकली नाहीत.
एका गढूळ ठिपक्यातला पुंजका उचलून वाढवला,
ताकासारखा दाट,
आणि शनिवारी सगळे गेल्यावर
जांभळ्या दिव्याखाली धरला. वीस सेकंद.
धागा तुटला की जंतू आतल्या आत हाकाटी करतो
आणि त्या हाकाटीतच पंजा मोडतो.
मग वाचन सुरू. आधी घाईची पानं,
मग नकला, मग डोकी, मग शेपट्या,
अगदी शेवटी भिंत फोडायचं पान.
दीड तासाने बाटली निवळली.

निवळली.
आमच्या घरी हा चांगला शब्द आहे.
पाणी निवळतं, आभाळ निवळतं,
आत्याचं आणि बाबांचं भांडण
सोळा वर्षांनी निवळलं.
बाटलीतून पलीकडचं
आग विझवायचं लाल नळकांडं स्वच्छ दिसत होतं,
त्यावरची तपासणीची तारीखसुद्धा.
मधे कोट्यवधी घरं फुटून पडलेली.

अमावास्येच्या उधाणाला
मी बाटल्या घेऊन उभी होते.
काका बोलता बोलता थांबले, नाक वर केलं,
आकड्यांकडे न बघताच धावले
आणि खाडीकडचं दार फिरवलं.
भोंगा नंतर वाजला. चार मिनिटांनी.
बाप खाराची उघाडी सांभाळायचा, म्हणाले.
मी आठ वर्षांचा होतो, शेत सिडकोत गेलं.
"मना येतं त मनाच ठाव नव्हतं."
हात थरथरत होते त्यांचे.
शाबास म्हणावं की बसा म्हणावं, मला सुचेना.

गढूळ ठिपक्याची एक नळी
फ्रीजमध्ये मागच्या रांगेत आहे.
मॅडमना सांगितलेलं नाही.
नावाच्या जागी पेन्सिलीने
"उघाडी" लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

पुढच्या मंगळवारी काका काही विचारत नव्हते.
झाकणावर पंजा ठेवून उभे होते,
मी येऊन थांबले तरी.